पान सुरकुतलं की लगेच पाणी? सक्युलंटच्या बाबतीत या चुका टाळा

ऑगस्टमधली गोष्ट. खिडकीतल्या जेडची, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या एका सक्युलंट झाडाची, पानं सुरकुतली होती. तहान लागली असेल म्हणून मी तांब्याभर पाणी घातलं. दोन दिवसांनी पानं तशीच, म्हणून पुन्हा घातलं. पाचव्या दिवशी सकाळी बघते तर पाच वर्षं वाढवलेलं झाड कुंडीतच कलंडलेलं. मातीलगतचा बुंधा तपकिरी आणि मऊ, हात लावला तर साल सुटून आली. कुंडी उपडी केली तेव्हा खरा प्रकार कळला. मुळं कधीच सडली होती. पाणी वर ओढायला काही उरलंच नव्हतं, म्हणून पानं सुकत होती. आणि मी त्या सुकण्यावर उपाय म्हणून आणखी पाणी ओतत होते.

हे लक्षण भल्याभल्यांना फसवतं, कारण पाणी कमी पडलं तरी पान सुरकुततं आणि मुळं सडली तरी सुरकुततं. फरक मातीत असतो. पान सुरकुतलेलं आणि माती तळापर्यंत कोरडी, तर झाड तहानलेलं आहे; भरपूर पाणी द्या, दोन-तीन दिवसांत पानं पुन्हा टचटचीत होतात. पान सुरकुतलेलं आणि माती मात्र ओली, तर मुळांचं दुखणं समजा. पान पिवळट, काचेसारखं पारदर्शक होऊन नुसत्या धक्क्याने गळत असेल तर पाणी जास्त झालंय. अगदी खालची एखाद-दोन पानं कागदासारखी वाळली तर काळजी नको, जुनी पानं अशीच जातात.

माती वरून कोरडी दिसते आणि आत चिखल असतो, त्यामुळे नुसतं बघून ठरवू नका. अगरबत्ती जळून उरलेली काडी कुंडीत तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. काडीला माती चिकटली किंवा ती ओलसर लागली तर त्या दिवशी पाणी नाही. ‘आठवड्यातून एकदा’ हा नियम तर विसराच. मे महिन्यात गच्चीवरची कुंडी दोन दिवसांत सुकते, पावसाळ्यात कोकणपट्टीच्या दमट हवेत तीच पंधरा दिवस ओली राहते.

सड लागल्याची शंका आली तर वाट बघू नका. झाड काढून मुळं धुवा. चांगली मुळं पांढरी किंवा फिकट तपकिरी आणि कडक असतात. सडलेली काळी असतात, चिमटीत धरून ओढलं की वरचं आवरण निघून आत दोरा उरतो. ती सगळी कापा. बुंधा कापताना काप नीट बघा. आत तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर अजून वर कापा, आणि दर वेळी पातं स्पिरिटने पुसा. काप स्वच्छ, हिरवट-पांढरा दिसला की थांबायचं. मग चार-पाच दिवस सावलीत नुसतं ठेवून द्यायचं, जखम सुकून खपली धरेपर्यंत. त्यानंतर कोरड्या, भुसभुशीत मातीत लावा आणि पहिलं पाणी आठवड्याने. माझ्या त्या झाडाच्या तीन फांद्या अशाच वाचल्या.

माती हा खरा गुन्हेगार असतो. नर्सरीतून येणाऱ्या रोपाच्या मुळाशी बऱ्याचदा चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो हळूच मोकळा करा. मिश्रणात निम्म्याहून जास्त जाड रेती, विटांचे बारीक तुकडे किंवा पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे) असू द्या. कुंडीच्या तळाशी खडे घातले की निचरा होतो, हा समज चुकीचा आहे. खड्यांच्या थरावर पाणी अडतं आणि ओली माती उलट मुळांच्या जवळ येते. भोक नसलेली सुंदर कुंडी तर नकोच.

आपल्याकडे ‘जेड’ म्हणून विकलं जाणारं झाड अनेकदा पोर्टुलाकारिया आफ्रा असतं: बारीक गोल पानं, लालसर खोड. खरं जेड म्हणजे क्रासुला ओव्हाटा, त्याची पानं मोठी आणि जाड. दोन्ही मूळ दक्षिण आफ्रिकेकडची, पण पोर्टुलाकारिया ऊन-पाऊस बराच सोसतं, क्रासुला तेवढं नाही. मेक्सिकोच्या डोंगराळ भागातून आलेल्या एचेवेरिया या दुसऱ्या सक्युलंटला मुंबईचा पावसाळा त्याहून जड जातो. तिला छपराखाली, वाऱ्यावर ठेवा.

एचेवेरियाच्या पानावरची पांढरी भुकटी पुसू नका. तो रोग नव्हे, ते उन्हापासून राखणारं तिचं नैसर्गिक मेण आहे आणि पुसलेल्या जागी पुन्हा येत नाही. पिठ्या ढेकूण ही कीड वेगळी दिसते: पानाच्या बेचक्यात कापसाचे पुंजके, जवळपास चिकटपणा आणि मुंग्यांची ये-जा. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक पुंजका टिपा, झाड इतरांपासून लांब ठेवा आणि दर आठवड्याला पुन्हा तपासा. पानं स्वच्छ झाली तरी झाड मरगळलेलंच राहिलं तर कुंडीतून काढून बघा, हीच कीड मुळांवरही बसते.