एसएमपीएस घेताना आणि तपासताना या चुका टाळा

गेम सुरू केला की पाच मिनिटांत पीसी आपोआप रीस्टार्ट होतो, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांनी बहुतेक वेळा आधी दोनदा फॉरमॅट मारलेला असतो आणि रॅमही बदललेली असते. एसएमपीएसकडे मात्र कोणी बघितलेलंच नसतं. सगळ्या पार्ट्सना वीज पुरवणाऱ्या डब्याची आठवण सगळ्यात शेवटी व्हावी, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

पहिली चूक म्हणजे नुसता वॅटचा आकडा बघून खरेदी करणं. मागच्या महिन्यात एका मुलाच्या पीसीतून कॅबिनेटसोबत आलेला '450 वॅट'चा एसएमपीएस काढला. बाजूच्या लेबलवर 12 व्होल्टपुढे 14 अँपिअर लिहिलं होतं. 12 गुणिले 14, म्हणजे 168 वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः या 12 व्होल्टवरच चालतात, आणि त्याचं कार्ड एकटंच 150 वॅट ओढणारं. मग रीस्टार्ट होणारच! दुकानातच लेबल वाचा आणि गुणाकार करा. कार्ड आणि प्रोसेसरची गरज मिळून जेवढी होते, त्याच्या दीडपट मी धरतो. '80 प्लस'चा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतल्या कॅपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांचा, दर्जा नाही.

'पंखा फिरतोय, म्हणजे एसएमपीएस ठीक आहे' हेही रोज ऐकतो. 24 पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरवून बघायचा, एवढ्यावर तपासणी संपत नाही. त्यावरून डबा चालू होतो इतकंच कळतं. लोड आल्यावर तो टिकतो का, हे कळत नाही. मी पीसीवर गेम चालू ठेवून पिवळ्या (12 व्होल्टच्या) आणि काळ्या वायरवर मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं मीटर, लावतो. 11.4 ते 12.6 च्या मध्ये आकडा हवा. 11.2 वर घसरला तर डबा बदलायचा. मीटर नसेल तर मित्राचा चांगला एसएमपीएस एक दिवस लावून बघा, पण त्याच्या वायरींसकट. असं का म्हणतो, ते सांगतो.

माझ्या मावसभावाने नवीन मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या काढता-लावता येणारा, एसएमपीएस आणला. जुन्याच्या वायरी कॅबिनेटच्या मागून छान बांधलेल्या होत्या, म्हणून त्या तशाच ठेवून नवीन डब्यात खोचल्या. कंपनीही तीच, सगळं नीट बसलं. बटण दाबताच 'टक्' आवाज आला आणि जळका वास सुटला. फोनवर त्याचा आवाज थरथरत होता, "दादा, हार्ड डिस्क दिसतच नाहीये." त्या डिस्कवर काकांच्या साठीचे सगळे फोटो होते.

डिस्कच्या टोकाला तिला वीज देणारा साटा कनेक्टर सगळीकडे सारखाच असतो, पण डब्याच्या टोकाला कोणत्या पिनवर किती व्होल्ट द्यायचे, याचं कसलंही ठरलेलं प्रमाण नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक निघतो. इथे 5 व्होल्टच्या पिनवर 12 व्होल्ट गेले. हार्ड डिस्कच्या बोर्डावर संरक्षणासाठी असलेला छोटा डायोड शॉर्ट झाला होता. तो काढल्यावर डिस्क फिरली आणि फोटो वाचले. एसएसडी मात्र कायमची गेली, आणि तिच्यावर त्याचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. वायरी ओढायची अर्ध्या तासाची मेहनत वाचवायला हे झालं. तेव्हापासून मी जुना एसएमपीएस त्याच्या वायरींसकट एकाच पिशवीत ठेवतो आणि पिशवीवर मॉडेल नंबर लिहितो.

काही गोष्टी एका ओळीत. जुन्या डब्यावर 115/230 चं लाल बटण असेल तर ते 230 वरच ठेवा. 115 वर ठेवून आपल्याकडे चालू केलात तर धडाका होतो. ओतीव प्लास्टिकचा, मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या कनेक्टरवरून) साटा करणारा स्वस्त जोड वापरू नका, तो वितळून पेटू शकतो. 600 व्हीएचा साधा यूपीएस साधारण 360 वॅटचाच असतो, त्यामुळे लाईट गेल्यावर पीसी बंद पडला तर आधी तिकडे बघा. डबा घरी उघडू नका. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर 300 च्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतात.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून एसएमपीएस बदलणारेही बरेच आहेत. बहुतेक वेळा दोष घरातल्या अर्थिंगचा असतो. डब्यातल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट तिसऱ्या पिनवाटे जमिनीत जायचा असतो. अर्थिंग नसेल तर तो पत्र्यावरच राहतो, आणि अनवाणी उभं असताना मागच्या स्क्रूला बोट लागलं की जाणवतो. तिसरी पिन कापून टू-पिनमध्ये प्लग बसवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते 230 च्या आसपास नसेल, तर अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत त्या सॉकेटवर पीसी लावू नका.