पेडल स्टीलचे पाय कापताय? आधी या चुका टाळा

पेडल स्टील म्हणजे चार पायांवर आडवी ठेवून बसून वाजवायची, पेडलने तारांचे सूर बदलणारी गिटार. ती उंच वाटतेय म्हणून थेट हॅकसॉ हातात घेणं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. आधी बैठक इंचभर उंच करून आठवडाभर वाजवून पाहा. बऱ्याच जणांचं काम तिथेच भागतं. तरीही कापायचंच असेल, तर माप बसून घ्या, आणि वाजवताना घालता तेच बूट पायात असू द्या. डाव्या गुडघ्यावरचा उभा लीव्हर (गुडघा वर उचलून ढकलायचा, सूर बदलणारा दांडा) असेल तर त्याखालची जागा मोजा. बॉडी खाली आली की तो लीव्हर मांडीवर टेकतो आणि गुडघा न उचलताच सूर हलवू लागतो.

नंतर पेडल बार, म्हणजे पुढच्या दोन पायांना जोडलेला पेडलांचा आडवा दांडा, कुठे बसतो ते पाहा. बारच्या खालचा भाग कापला तर बार जमिनीजवळ येतो. वरचा कापला तर बॉडी आणि बार यांच्यातलं अंतर घटतं, म्हणून पेडल रॉडही (पेडल बॉडीशी जोडणाऱ्या सळया) तेवढेच आखूड करावे लागतात. पाय आणि रॉड हे एकच काम आहे, हे मी चूक करूनच शिकलो.

माझ्या गिटारचे पाय पाऊण इंच कमी झाले, रॉड तसेच राहिले. ई९ ट्युनिंगमध्ये (तारा जुळवण्याची एक ठरलेली पद्धत) बी नावाचं पेडल दाबल्यावर तिसरी आणि सहावी तार जी शार्पवरून ए वर जायला हवी. ट्यूनरचा काटा ए च्या अलीकडेच थांबायचा. मी टोकाकडचा नायलॉनचा ट्युनिंग नट फिरवून सूर मिळवला. दुसऱ्या दिवशी गालिच्याऐवजी उघड्या फरशीवर बसलो, तर त्याच तारा चढ्या बोलू लागल्या. खाली वाकून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. पेडल आपल्या थांब्याला लागण्याआधी गालिच्याला टेकत होतं. म्हणून पेडल वापरताना सूर उतरलेला वाटला की नटला हात लावू नका. पेडल पूर्ण दाबून त्याखाली जाड पुठ्ठा सरकतो का बघा. अडकला, तर दोष रॉडच्या लांबीचा आहे.

रॉड कापण्याआधी त्याच्या आट्यांमध्ये किती वाव आहे तो वापरून संपवा. कापायचाच झाला, तर आट्यांचं टोक राखा. फार आखूड झाला तर पेडल वर राहतं. ए आणि बी ही पेडल एका पातळीत नसतील, तर पाऊल एकावरून दुसऱ्यावर लोळवता येत नाही.

पायाचं वरचं, बॉडीत फिरवून बसणारं टोक कधीही कापू नका. पाय एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो. पाइप कटरने कापलं तर नळीची कड आत वळते आणि आतली नळी सरकत नाही. गोल कानशीने ती साफ करा, भुसा झटकून टाका. दोन नळ्या एकमेकींत पुरेशा शिरलेल्या राहतील एवढी लांबी सोडा, नाहीतर पाय डुगडुगतो. मागचे, म्हणजे तुमच्या बाजूचे, पाय विसरू नका, नाहीतर गिटार समोरच्या बाजूला कलते.

खरं तर मूळ पाय जपून ठेवून त्याच जाडीच्या नळीचे आखूड पाय वेगळे करून घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

बसवताना आधी पाय उलटा फिरवा. आटे जुळल्याचा हलका टक् हाताला जाणवला की मगच सुलट आवळा.