कारच्या अ‍ॅम्प्लिफायरची खरी ताकद कशी ओळखावी

पुण्याच्या नाना पेठेत किंवा इतरत्र अ‍ॅम्प्लिफायर घेताना खोक्यावरचा ‘2000 वॅट’ हा ठळक आकडा प्रथम बाजूला ठेवावा, कारण तो बहुधा क्षणिक कमाल ताकदीचा असतो. माहितीपुस्तिकेत आरएमएस वॅट, म्हणजे सलग मिळणारी ताकद, पाहावेत आणि ते किती ओहमला, किती व्होल्टला व किती विकृतीला (डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातील बिघाड) मोजले आहेत, हेही वाचावे. सीईए-2006 या मानकाप्रमाणे मोजमाप 14.4 व्होल्ट, 4 ओहम आणि 1 टक्का विकृती या अटींवर होते. या अटी दिलेल्याच नसतील, तर त्या आकड्यावर विसंबून पैसे मोजू नयेत.

त्यानंतर अ‍ॅम्प्लिफायरवरचा फ्यूज पाहावा. समजा, तो 25 अँपिअरचा एकच आहे. 25 गुणिले 14.4 म्हणजे 360 वॅट, आणि एवढी वीज सलग आत जाऊ शकते. त्यातील बरीच उष्णतेत जाते. एबी आणि डी हे अ‍ॅम्प्लिफायरच्या रचनेचे प्रकार आहेत; एबी वर्गात साधारण निम्मी, तर डी वर्गात सुमारे 80 टक्के वीज स्पीकरपर्यंत पोहोचते. म्हणजे सर्व चॅनेल मिळून अनुक्रमे 180 आणि 290 वॅटच्या आसपास. मोठा फ्यूज बसवणे मात्र कोणालाही सोपे असते, म्हणून फ्यूजवरून खोटा दावा पकडता येतो, खरा दावा सिद्ध होत नाही.

खात्री हवी असेल तर मोजावेच लागते. स्पीकरचा रोध वारंवारतेनुसार बदलतो, म्हणून त्याऐवजी रेझिस्टर लावावा. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करून 8 ओहमचे, 100 वॅटचे दोन रेझिस्टर घ्यावेत, ते समांतर जोडून 4 ओहम करावेत आणि अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्टीवर घट्ट बसवावेत. ते हाताला चटका देण्याइतके तापतात, त्यामुळे चाचणी काही सेकंदांतच आटोपावी. गाडी मोकळ्या जागेत सुरू ठेवून, बास बूस्ट बंद करून 50 हर्ट्झचा शुद्ध सूर वाजवावा व ऑसिलोस्कोपवर (विजेच्या लाटेचा आकार दाखवणारे उपकरण) लाटेचे माथे चपटे होऊ लागताच आवाज किंचित कमी करावा. ब्रिज जोडणीत, म्हणजे दोन चॅनेल एकत्र करून एकच स्पीकर चालवताना, स्पीकरच्या कोणत्याही टोकाला स्कोपची अर्थिंग क्लिप लावू नये. अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. आता मल्टिमीटरवर एसी व्होल्ट वाचावेत, त्यांचा वर्ग करून 4 ने भागावे: 26 व्होल्ट आले तर 169 वॅट.

त्याच वेळी अ‍ॅम्प्लिफायरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टही मोजावेत, आणि ही पायरी वगळू नये असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. बारीक वायर किंवा सैल अर्थिंगमुळे तिथे 14.4 ऐवजी 12 व्होल्टच पोहोचत असतील, तर नियंत्रित पुरवठा (बाहेरचे व्होल्ट घटले तरी आतले स्थिर ठेवणारी सोय) नसलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकद सुमारे 30 टक्क्यांनी घटते. अशा वेळी अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याआधी वायर बदलावी.