कॉलेजमधल्या नव्या मतदाराला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी कसे तयार करावे

अमेरिकेत पुढची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक मंगळवार, ७ नोव्हेंबर २०२८ रोजी होईल. न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत वाढलेली आणि त्या वेळी घरापासून दूर कॉलेजात शिकत असलेली अनेक मुले तेव्हा राष्ट्राध्यक्षासाठी पहिल्यांदाच मत देतील. त्यांना मदत करू इच्छिणारे आईवडील, मराठी शाळेतले शिक्षक आणि मंडळाचे कार्यकर्ते बहुधा उमेदवारांच्या चर्चेपासून सुरुवात करतात. खरे तर ती सर्वांत शेवटी करायची गोष्ट आहे. आधी मताधिकार, मग पत्ता, मग मतपत्रिका आणि त्यानंतर उमेदवार, असा क्रम ठेवला तर पुढचे बरेच घोटाळे टळतात. हे काम ऑक्टोबरमध्ये नव्हे, उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल घरी असतानाच सुरू करावे.

१. मताधिकार आहे का, हे आधी पाहा

राज्यघटनेच्या २६व्या दुरुस्तीने १९७१ मध्ये मतदानाचे वय १८ वर आणले. पण राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा अधिकार फक्त अमेरिकी नागरिकांना आहे. आपल्या समाजात हा मुद्दा औपचारिक म्हणून सोडून देता येत नाही, कारण एकाच घरात थोरली बहीण पुण्यात जन्मून एच-४ व्हिसावर (नोकरीसाठी आलेल्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) आलेली आणि धाकटा भाऊ न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये जन्मलेला नागरिक, अशी परिस्थिती अजिबात दुर्मीळ नाही. दोघांचे उच्चार, मित्र आणि कॉलेज सारखेच असल्यामुळे कॅम्पसवर अर्ज घेऊन उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला त्यांच्यातला फरक कळण्याचे कारण नाही. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर आलेला विद्यार्थी, एच-४ वरचा अवलंबित आणि ग्रीन कार्डधारक यांपैकी कोणीही मतदार म्हणून नाव नोंदवू नये. नागरिक असल्याचा खोटा दावा केल्यास देशाबाहेर काढले जाण्याची आणि पुन्हा प्रवेश कायमचा बंद होण्याची वेळ येऊ शकते, आणि ‘घाईत चौकटीत खूण झाली’ हा बचाव फारसा कामी येत नाही. १९९३ च्या कायद्यामुळे बहुतेक राज्यांत वाहन परवान्याच्या कार्यालयातही मतदार नोंदणीचा प्रश्न विचारला जातो. तिथला प्रत्येक प्रश्न वाचूनच उत्तर द्यावे, हे मुलांना स्पष्ट सांगून ठेवावे.

याची दुसरी बाजूही आहे. आई किंवा वडील नागरिक झाले तेव्हा मूल १८ वर्षांच्या आतले, ग्रीन कार्डधारक आणि त्यांच्यासोबत अमेरिकेत राहणारे असेल, तर २००१ पासून लागू असलेल्या कायद्याने ते आपोआप नागरिक होते. अशा मुलांना कधीकधी आपण नागरिक असल्याचे ठाऊकच नसते. त्यांचा अमेरिकी पासपोर्ट वेळेत काढून घ्यावा.

२. कोणत्या पत्त्यावर मत द्यायचे, हे ठरवा

आपल्याकडून आलेल्या पालकांच्या डोक्यात एक निवडणूक आयोग, एक मतदार यादी आणि एक ओळखपत्र असे चित्र असते. अमेरिकेत निवडणूक घेण्याचे काम राज्ये आणि त्यांखालच्या काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) करतात. मुदती, ओळखपत्रांचे नियम आणि टपाली मतदानाच्या अटी राज्यागणिक बदलतात. त्यामुळे पत्ता हा केवळ रकाना न राहता खरा निर्णय होतो.

विद्यार्थ्याला घरचा पत्ता ठेवता येतो किंवा जिथे तो शिकायला राहतो तिथला पत्ता घेता येतो. टेक्सासमधल्या वॉलर काउंटीत प्रेअरी व्ह्यू ए अँड एम या विद्यापीठातल्या, प्रामुख्याने कृष्णवर्णीय, विद्यार्थ्यांची नोंदणी अडवली जात होती. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या विद्यार्थ्यांच्या बाजूचा निकाल कायम केला. वसतिगृहात राहतो म्हणून मत नाकारता येत नाही, या तत्त्वाला त्यामुळे आधार मिळाला. दोन्हीकडे मत देणे मात्र गुन्हा आहे.

निवड कशी करावी, यासाठी एक उदाहरण घेऊ. एडिसनची मुलगी पेन्सिल्वेनियातल्या स्टेट कॉलेज गावात शिकते. राष्ट्राध्यक्ष निवडण्याचे काम राज्यांत विभागलेल्या ५३८ सदस्यांचे इलेक्टोरल कॉलेज करते, जिंकायला २७० मते लागतात, आणि मेन व नेब्रास्का सोडून इतर राज्ये आपली सगळी मते राज्यात पुढे असलेल्या उमेदवाराला देतात. न्यू जर्सीची १४ मते १९९२ पासून प्रत्येक वेळी डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली आहेत. पेन्सिल्वेनियाची मते २०१६ मध्ये ट्रम्प यांना, २०२० मध्ये बायडन यांना आणि २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प यांना मिळाली. आता ती १९ आहेत. केवळ राष्ट्राध्यक्षाचा विचार केला तर तिचे मत पेन्सिल्वेनियात अधिक वजनदार ठरेल. पण घरच्या पत्त्यावर तिला आपल्या गावच्या शाळा मंडळापासून कर ठरवणाऱ्यांपर्यंत सगळे ओळखीचे आहेत, हाही विचार गैरलागू नाही. निर्णय तिला घेऊ द्यावा. कॉलेजच्या पत्त्यावर नोंदणी केल्याने केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या शैक्षणिक आर्थिक मदतीवर परिणाम होत नाही; मात्र एखादी स्थानिक शिष्यवृत्ती रहिवासाशी बांधलेली असेल तर तिच्या अटी वाचून घ्याव्यात.

३. मुदत आणि कागदपत्रे यांची सोय करा

टेक्सासमध्ये नोंदणी मतदानाच्या ३० दिवस आधी बंद होते, पेन्सिल्वेनियात १५ दिवस आधी, तर मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगनमध्ये मतदानाच्या दिवशीही नोंदणी करता येते. नॉर्थ डकोटात नोंदणीच नाही. आपल्या राज्याचा नियम सरकारच्या ‘व्होट डॉट गव्ह’ या संकेतस्थळावरून राज्याच्या अधिकृत पानावर जाऊनच पाहावा; इन्स्टाग्रामवरच्या पोस्टवर विसंबू नये.

ओळखपत्राचे नियम तर याहून विचित्र आहेत. टेक्सासमध्ये पिस्तूल बाळगण्याचा परवाना मतदानाला चालतो, विद्यापीठाचे ओळखपत्र चालत नाही. विस्कॉन्सिनमध्ये विद्यार्थ्याचे ओळखपत्र ठरावीक अटी पाळणारे असेल तरच चालते, म्हणून तिथली विद्यापीठे मतदानासाठी वेगळे कार्ड देतात. न्यू हॅम्पशायरने २०२४ च्या कायद्याने नोंदणीसाठी नागरिकत्वाचा पुरावा सक्तीचा केला. आपल्या घरांत मुलांचा पासपोर्ट आईच्या कपाटात असतो. तो किंवा जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत ऑगस्टमध्ये मुलाच्या सामानात गेली पाहिजे, नाहीतर नोंदणीच्या आठवड्यात कुरियरची धावपळ अटळ आहे. डॉर्मची खोली दरवर्षी बदलत असेल तर नोंदणीतला पत्ताही दरवर्षी बदलावा लागतो, हेही लक्षात आणून द्यावे.

४. नमुना मतपत्रिका एकत्र वाचा

मतदानाच्या काही आठवडे आधी बहुतेक ठिकाणी नमुना मतपत्रिका उपलब्ध होते. १९२० मध्ये स्थापन झालेल्या ‘लीग ऑफ वुमन व्होटर्स’च्या ‘व्होट फोर वन वन’ या संकेतस्थळावर पत्ता टाकून ती पाहता येते. ती कागदावर छापून घ्यावी आणि मुलाने प्रत्येक पदासमोर ते पद काय काम करते, हे एका वाक्यात लिहावे. अर्ध्याहून अधिक रकाने रिकामे राहतात, आणि तिथूनच खरा अभ्यास सुरू होतो. २०२४ मध्ये पेन्सिल्वेनियाच्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षाखाली सिनेटची (संसदेच्या वरच्या सभागृहाची) जागा होती. जवळजवळ ७० लाख मतांच्या त्या लढतीचा निकाल सुमारे १५ हजार मतांनी लागला. वरच्या एका रकान्यात खूण करून उरलेली मतपत्रिका कोरी सोडणाऱ्यांनी याचा विचार करावा.

५. ‘हे राष्ट्राध्यक्षाला करता येते का?’ असे विचारायला शिकवा

माझ्या मते या सगळ्या मार्गदर्शनातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. प्रचारात उमेदवार जे बोलतात त्यातले बरेचसे काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकी संसदेच्या), राज्यांच्या किंवा न्यायालयांच्या हातात असते. विद्यार्थ्यांच्या कर्जाचे उदाहरण घ्यावे. बायडन प्रशासनाने सुमारे ४०० अब्ज डॉलरची कर्जमाफी जाहीर केली. काँग्रेसने असा अधिकार दिलेलाच नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी ती रद्द केली. आश्वासन खोटे होते असे नाही. ते पाळण्याचा अधिकार वादग्रस्त होता.

आपल्या घरांत रोज चर्चिला जाणारा एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा विषय यासाठी आणखी चांगला. दरवर्षी ६५ हजार आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, ही मर्यादा काँग्रेसच्या कायद्यात आहे. रोजगारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांमध्ये एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून अधिक वाटा नाही, हेही कायद्यानेच ठरले आहे. त्यामुळे ‘मी ग्रीन कार्डाची रांग संपवीन’ असे कोणी राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार म्हणाला, तर काँग्रेसमध्ये त्याच्याकडे किती मते आहेत, हा पुढचा प्रश्न. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी केवळ एका घोषणापत्राने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले आणि त्याला न्यायालयात आव्हान दिले गेले. राष्ट्राध्यक्षाचा हात कुठे पोहोचतो आणि कुठे अडतो, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की अठरा वर्षांच्या मुलालाही कळते.

मुलाने आपल्याला महत्त्वाचे वाटणारे तीनच विषय निवडावेत आणि प्रत्येकासाठी उमेदवाराची कृती शोधावी: सिनेटर किंवा प्रतिनिधी असेल तर ‘काँग्रेस डॉट गव्ह’वर त्याने कशावर कसे मत दिले, गव्हर्नर असेल तर कोणती विधेयके मंजूर केली आणि कोणती फेटाळली. पक्षांचे जाहीरनामेही वाचावेत, पण डोळे उघडे ठेवून. २०२४ चा रिपब्लिकन जाहीरनामा १६ पानांचा होता, डेमोक्रॅटिक पक्षाचा नव्वदच्या आसपास पानांचा. आणि बायडन यांनी २१ जुलैला उमेदवारीतून माघार घेतली तरी त्या डेमोक्रॅटिक जाहीरनाम्यात त्यांच्या पुढच्या कारकिर्दीचे उल्लेख तसेच राहिले होते.

६. बातमी तपासायची सवय लावा

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थ्यांना अनोळखी संकेतस्थळे तपासायला दिली. विद्यार्थी आणि काही इतिहासकारही पानाची सजावट आणि भारदस्त नाव पाहून फसले. तपासनीस मात्र ते पान जवळजवळ लगेच सोडून, दुसऱ्या टॅबमध्ये त्यामागे कोण आहे हे शोधू लागले. शिकवायची ती हीच सवय. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीच्या (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या) तोंडावर बायडन यांच्या नकली आवाजातले फोन मतदारांना आले, ‘आत्ता मत देऊ नका’ असे सांगणारे. ते करवून घेणाऱ्या सल्लागाराला ६० लाख डॉलरचा दंड झाला. मतदानाची तारीख, वेळ किंवा जागा बदलल्याचा कोणताही संदेश काउंटीच्या पानावर पडताळल्याशिवाय मानू नये. काका-मामांनी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेल्या व्हिडिओंनाही हाच नियम लावावा, मग वातावरण थोडे तापले तरी चालेल.

मदत करणाऱ्यानेही आपली मर्यादा पाळावी. विद्यापीठे आणि बहुतेक मंडळे करमुक्त संस्था असल्याने त्यांना उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. नोंदणीची आणि माहितीची निःपक्ष शिबिरे मात्र घेता येतात. घरी हे बंधन नसले, तरी ‘कोणाला देणार?’ याऐवजी ‘कशामुळे?’ असे विचारलेले बरे, आणि उत्तर आपल्याला रुचले नाही तर ते ऐकून घ्यावे.

७. मत प्रत्यक्ष पोहोचेल याची व्यवस्था करा

टपाली मतदान निवडले असेल तर अर्ज, परत पाठवण्याची तारीख आणि पाकिटाच्या सूचना एका कागदावर लिहून ठेवाव्यात. पेन्सिल्वेनियात मतपत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या पाकिटात घालावी लागते, ते विसरले तर मत बाद होऊ शकते. आणि ती मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत कार्यालयात पोहोचली पाहिजे, टपालाचा शिक्का पुरत नाही. विस्कॉन्सिनमध्ये साक्षीदाराची सही लागते. कॉलेजच्या टपालखोलीत पत्रे कशी रेंगाळतात हे ठाऊक असल्याने, निदान दोन आठवडे हाताशी ठेवावेत आणि बहुतेक राज्यांत असलेल्या ऑनलाइन सोयीवर आपली मतपत्रिका पोहोचली का, हे पाहावे.

केंद्रावर जाऊन मत देणाऱ्याने त्या दिवशीचे वर्ग, प्रयोगशाळा आणि जाण्याचे साधन आधीच ठरवावे. यादीत नाव सापडले नाही तर परत फिरू नये: २००२ च्या केंद्रीय कायद्याने अशा मतदाराला तात्पुरती मतपत्रिका मागण्याचा हक्क दिला आहे. ती भरल्यावर मिळणारा कागद जपून ठेवावा आणि आपले मत मोजले जाण्यासाठी आणखी काय सादर करायचे, हे तिथल्या अधिकाऱ्यालाच विचारून घ्यावे. टेक्सासमध्ये ओळखपत्राअभावी असे मत दिले असेल तर ते दाखवायला सहा दिवस मिळतात.