ओहायोचा कॅट टॅक्स: नफा नाही, गल्ला बघतो

ओहायोत धंदा करणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांचा अजून समज असा की नफाच नाही झाला तर टॅक्स कसला. इन्कम टॅक्सचं ठीक आहे, पण कमर्शियल ॲक्टिव्हिटी टॅक्स, म्हणजे कॅट, गल्ल्यावर, म्हणजे एकूण विक्रीवर लागतो. वर्ष तोट्यात गेलं तरी लागतो, आणि एलएलसी किंवा एस कॉर्प (अमेरिकेतले कंपनीचे प्रकार, ज्यांचा नफा सहसा थेट मालकाच्या इन्कम टॅक्समध्ये धरतात) आहे म्हणून सुटका होत नाही. २००५ मध्ये आणला, कंपन्यांवरचा जुना फ्रँचाइज टॅक्स टप्प्याटप्प्याने काढून.

आधी आपण यात येतो का ते बघा. २०२५ पासून वर्षाचे पहिले ६ मिलियन डॉलर माफ आहेत (२०२४ ला ३ होते, त्याआधी फक्त १), त्यामुळे छोटं दुकान, हॉटेल वगैरे असेल तर विषय संपला, रिटर्नसुद्धा भरायला नको, फक्त जुनं कॅट अकाउंट उघडं असेल तर ते बंद करून टाका.

वरच्या रकमेवर ०.२६ टक्के. समजा होलसेल ग्रोसरीचा धंदा आहे, ओहायोतली विक्री १० मिलियन, तर ४ मिलियनवर १०,४०० डॉलर. आता माल साडेनऊ मिलियनला घेतलेला असो नाहीतर पाचला, आकडा तोच! खरेदी, भाडं, पगार काहीच वजा होत नाही. जीएसटीची सवय असलेल्यांना इथेच धक्का बसतो कारण इनपुट क्रेडिट नावाचा प्रकारच नाही, आधीच्या विक्रेत्याने भरलेला कॅट किमतीत मुरून आलेला असतो आणि त्यावर परत तुमचा. कमी मार्जिनवाल्याला हा जास्त टोचतो, माझ्या मते अन्यायच आहे, पण रेट बारीक म्हणून कोणी फार ओरडत नाही.

गल्ल्यात काय धरायचं नाही ते नीट बघा. गिऱ्हाइकाकडून घेतलेला सेल्स टॅक्स, डिव्हिडंड, बुडालेली उधारी हे बाहेर. एजंट असाल तर फक्त तुमचं कमिशन धरायचं. आणि माल ओहायोत पोचला तरच ती विक्री ओहायोची, सर्व्हिस असेल तर तिचा फायदा गिऱ्हाइकाला कुठे झाला ते बघतात, म्हणजे ऑफिस कोलंबसला पण क्लायंटचं सगळं काम इंडियानात, तर ते बिलिंग यात नाही.

काही जण म्हणतात दोन कंपन्या करू, ६ अधिक ६. नाही चालत! एकाच मालकाकडे पन्नास टक्क्यांपेक्षा जास्त हिस्सा असेल तर सगळ्या कंपन्यांचा एकच ग्रुप आणि माफीही एकदाच.

रिटर्न दर तिमाहीला, ऑनलाइन, १० मे, १० ऑगस्ट, १० नोव्हेंबर, १० फेब्रुवारी. माफी तिमाहीत वाटून घ्यायची नसते, पहिल्या तिमाहीपासूनच पूर्ण ६ मिलियन वापरायला सुरुवात करा, उरेल ते पुढे जातं. आणि बिलावर कॅट म्हणून वेगळी ओळ टाकू नका, तो गिऱ्हाइकाच्या माथी टॅक्स म्हणून मारता येत नाही, वसूल करायचा तर किमतीतच धरा.