सिग्नलला उभी राहिली की गाडी तापते? या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडला गाडी बाळगायची म्हणजे निम्मा वेळ ती चालवायची नसतेच, उभी ठेवायची असते. गायमुखच्या चढाला एखादा कंटेनर बंद पडला की मागे रांगच रांग. मे महिन्यातल्या अशाच एका दुपारी माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा टेंपरेचरचा काटा मधली जागा सोडून लालकडे निघाला. रांग हलली, गाडी जरा पळाली आणि पाच मिनिटांत काटा मुकाट जागेवर आला. रोग काय आहे ते गाडीने तिथेच सांगितलं होतं. मला ते कळायला महिना गेला.

गाडी धावत असते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर, म्हणजे इंजिनचं पाणी थंड करणारी पुढची जाळी, गार ठेवतो. उभ्या गाडीला तो वारा मिळत नाही, फॅनला ओढून आणावा लागतो. म्हणून उभी असताना तापते आणि पळताना बरी असते, तर पहिला संशय फॅनवर घ्यायचा. उलट सिग्नलला ठीक पण मुंब्रा बायपासच्या चढाला किंवा हायवेला तापत असेल, तर रेडिएटर आतून चोंदलाय, वॉटर पंप थकलाय किंवा थर्मोस्टॅट (इंजिनचं गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) नीट उघडत नाहीये, असं काहीतरी असतं. हा फरक न सांगता गाडी गॅरेजला सोडणं ही पहिली चूक. मी नुसतं 'गाडी गरम होते' म्हणालो आणि चावी देऊन आलो.

दुसरी चूक त्या गॅरेजवाल्याची, पण मान मीच डोलावली. "थर्मोस्टॅट काढून टाकतो साहेब, आपल्याकडे थंडी कुठंय?" हे वाक्य ठाण्यात तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. एकदा पूर्ण उघडला की उभ्या गाडीच्या तापण्याशी त्याचा संबंध उरत नाही. बंदच अडकला असेल तर गोष्ट वेगळी, पण मग गाडी पळतानाही तापणार. माझा काढल्यावर झालं काय, तर पहाटे इस्टर्न एक्सप्रेस हायवेला इंजिन धड गरमच होईना, पेट्रोल जास्त जायला लागलं आणि दुपारी माजिवड्याला काटा परत लालकडे.

फॅन घरच्या पार्किंगमध्येच तपासता येतो. एसी बंद ठेवून इंजिन चालू सोडा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत कूलंट (इंजिन गार ठेवणारं, रेडिएटरमधून फिरणारं पाणी) ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेलं की फॅन लागतो, थोड्या वेळाने बंद होतो, परत लागतो. काटा चढतोय आणि फॅन गप्प असेल, तर एसी लावून बघा. एसीबरोबर फॅन फिरला तर मोटर सहसा ठीक असते, संशय टेंपरेचर सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर जातो. दोन फॅन असतील तर कुठला फिरतोय तेही बघा. एसीलाही हलला नाही, तर फ्यूज, रिले (फॅनला वीज देणारा स्विच), कनेक्टर आणि मग मोटर, या क्रमाने जा. बोनेटखाली हात घालताना एक लक्षात ठेवा, काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होतो.

मी फसलो तो पुढच्या पायरीला. माझा फॅन फिरत होता! मी स्वतः वाकून बघितला आणि त्याच्यावरचा संशय सोडून दिला. फिरणं आणि वारा ओढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वागळे इस्टेटमधल्या दुसऱ्या मेकॅनिकने दाखवलं. त्याने बिलाचा कागद जाळीसमोर धरला. कागद जाळीला चिकटायला हवा होता, तो नुसता फडफडला. मग त्याने फॅनचा कनेक्टर ओढून काढला. एक पिन काळी पडलेली, भोवतीचं प्लॅस्टिक वितळून फुगलेलं. तिथेच करंट अडत होता आणि मोटरला निम्मीच ताकद मिळत होती. बॅटरीवरून थेट वायर दिल्यावर फॅनचा जो आवाज आला, तो मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. कनेक्टर आणि वीतभर वायर बदलली, काम झालं. मोटर बदलल्यावर वायर उलटी जोडली गेली तर फॅन उलटा फिरतो आणि वारा पुढे फेकतो. तिथेही कागदच खरं सांगतो.

फॅन ठणठणीत असूनही तापत असेल, तर एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत टॉर्च मारा. पानं, धूळ, पावसाळ्यातला वाळलेला चिखल, सगळं तिथे गोदामासारखं साठतं. इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला, कमी प्रेशरने धुवा. जवळून जेट मारला की पातळ पाती वाकतात आणि असलेला वाराही अडतो.

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. झाकण साधारण १ बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की त्याच क्षणी उकळतं आणि तोंडावर येतं. ट्रॅफिकमध्ये काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल्ल (तो इंजिनचीच उष्णता बाहेर ओढतो), काचा खाली. लालला टेकला तर बाजूला घेऊन इंजिन बंद, मग निदान अर्धा तास हात लावायचा नाही. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. सोसायटीचं बोअरचं पाणी तर गार इंजिनातही नको, क्षार धरतात. कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घाला. कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेडखालचं सील, म्हणजे गॅस्केट, गेल्याची शक्यता मोठी. ती गाडी टो करूनच न्या.

माझा थर्मोस्टॅट अर्थातच परत बसवावा लागला. कूलंट नव्याने भरलं आणि दुसऱ्या दिवशी कापूरबावडीला काटा पुन्हा वर! हीटर लावला तर गार हवा. म्हणजे आत हवा अडकली होती, एअरलॉक. गाडी गार झाल्यावर पुढचं तोंड चढावर ठेवून, झाकण उघडं टाकून इंजिन चालू केलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं कूलंट घालत राहिलो. जवळजवळ पाऊण लिटर मावलं.