अर्थशास्त्राची शिकवणी लावण्याआधी

कोकणात शिकवणीचा शोध बहुतेक वेळा गणपती उरकल्यावर सुरू होतो. पहिल्या घटक चाचणीचे गुण हातात पडतात, चाकरमानी काका किंवा आत्या जाताना ‘मुलाला क्लास लावा’ म्हणून सांगून जातात आणि मग धावपळ होते. तोवर चांगल्या शिक्षकांच्या संध्याकाळच्या वेळा भरलेल्या असतात. म्हणून ही तयारी जूनमध्ये, कॉलेज सुरू होताच करावी. पुढचं सगळं बारावीच्या अर्थशास्त्राला धरून लिहिलं आहे. बाकीच्या विषयांना कुठे वेगळं लागतं ते जाता जाता येईल.

शिक्षक शोधायच्या आधी मुलाची तपासलेली उत्तरपत्रिका शोधा. ‘इकॉनॉमिक्स जमत नाही’ एवढ्या सांगण्यावर कुठल्याही शिक्षकाला काही करता येत नाही. राज्य मंडळाची बारावीची लेखी परीक्षा 80 गुणांची असते आणि उरलेले 20 अंतर्गत मूल्यमापनाचे. पहिला प्रश्न 20 गुणांचा, सगळा वस्तुनिष्ठ. दुसरा, तिसरा आणि चौथा प्रत्येकी 12 गुणांचे: संकल्पना ओळखा आणि फरक स्पष्ट करा, थोडक्यात उत्तरे, आणि सहमत आहात की नाही ते सकारण सांगा. पाचवा 8 गुणांचा, तक्ता, आकृती किंवा उताऱ्यावर. सहावा 16 गुणांचा, सविस्तर उत्तरांचा. गुण कुठे गेले ते या सहा खान्यांत मांडा. पहिल्या प्रश्नात गेले असतील तर मुलाने पुस्तकच वाचलेलं नाही, आणि त्याला शिक्षक लागत नाही, रोजचा अर्धा तास लागतो. चौथ्यात गेले असतील तर विषय पाठ आहे पण उमगलेला नाही. इथे शिकवणीचा खरा उपयोग होतो. सहाव्यात गेले असतील तर बहुधा लिहिण्याचा वेग आणि मांडणी कच्ची आहे, आणि ती कोणताही दक्ष शिक्षक, अगदी मराठीचासुद्धा, सुधारू शकतो. मूल बारावीला नापास झालं असेल तर मंडळाकडे उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करता येतो. निकालानंतर मुदत थोडी असते, त्यामुळे पुरवणी परीक्षेची शिकवणी लावण्याआधी ती प्रत मागवून घ्यावी.

कागदावर आणखी तीन गोष्टी लिहून ठेवा: मंडळ, माध्यम आणि पुस्तकाचं वर्ष. मंडळाकडे पालकांचं दुर्लक्ष होतं, आणि नुकसान तिथेच होतं. राज्य मंडळाच्या बारावीत उपयोगिता, मागणी, लवचिकता (किंमत बदलली की मागणी किती हलते याचं माप), पुरवठा, बाजाराचे प्रकार हे सूक्ष्म अर्थशास्त्र येतं, त्यापुढे निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, सार्वजनिक वित्त, नाणेबाजार-भांडवल बाजार आणि परकीय व्यापार. सीबीएसईत सूक्ष्म अर्थशास्त्र आणि सांख्यिकी अकरावीला होऊन जातं, बारावीला स्थूल अर्थशास्त्र आणि भारताचा आर्थिक विकास असतो. म्हणजे ‘मी बारावीला इकॉनॉमिक्स शिकवतो’ हे दोन शिक्षक म्हणाले तरी दोघांचा विषय निम्मा वेगळा असू शकतो. माध्यमाचंही तसंच. मूल पेपर मराठीत लिहिणार असेल तर शिक्षकाच्या तोंडी ‘सीमांत उपयोगिता’ आणि ‘विस्तार-संकोच’ (नुसत्या किमतीमुळे होणारी वाढ-घट) हेच शब्द हवेत. ते दोन तास ‘मार्जिनल युटिलिटी’ म्हणत राहिले की मुलाला ऐकताना समजतं आणि लिहिताना शब्द सापडत नाही. पुस्तकाच्या वर्षाचं कारण सोपं आहे: बारावीचं सध्याचं पाठ्यपुस्तक 2020 चं आहे, त्याआधीच्या नोट्स अजूनही हातोहात फिरतात आणि त्यांतली प्रकरणं तंतोतंत जुळत नाहीत. मूल बी.कॉम.ला असेल तर रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतली बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तिथली रचनाही बदलली आहे, म्हणून मोठ्या भावाच्या वह्या पुढे करण्याआधी चालू सत्राचा अभ्यासक्रम छापून घ्या.

आता माणूस. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, सावंतवाडी, अलिबाग अशा कॉलेजांच्या गावांत तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण प्राध्यापक आणि सेट-नेटची, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांची, तयारी करणारे एम.ए. झालेले मिळतात. त्यांचं वाचन ताजं असतं, अडचण एवढीच की नोकरी लागली की जानेवारीतच निघून जातात. निवृत्त शिक्षक गावात पक्के असतात, त्यांना नवा प्रश्नप्रकार मात्र दाखवावा लागतो. दोन्ही चालतात. देवगड, गुहागर, मंडणगड अशा तालुक्यांत अर्थशास्त्राचाच शिक्षक मिळेल याची खात्री नसते. तिथे बुककीपिंगचे सर ‘तेही घेतो’ म्हणतात. बुककीपिंग उत्तम शिकवणारा माणूस लवचिकतेत अडखळू शकतो, तेव्हा पारखून घ्या. शोध घ्यायचा तर कॉलेजच्या ग्रंथपालाला विचारा. कोण प्राध्यापक अजून पुस्तकं नेतो हे त्याला माहीत असतं. एसटी स्टँडवरच्या भिंतीवरची जाहिरात शेवटी बघावी.

एक कायद्याची बाब. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 28 नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे, आणि हा कायदा पहिली ते आठवीच्या शाळांचा आहे. त्यामुळे धाकट्या भावंडासाठी त्याच्याच शाळेतल्या बाईंना गळ घालू नका, त्यांची पंचाईत होते.

निवड करताना पदवी विचारा, पण भरवसा ठेवा तो एका तासाच्या नमुना तासावर. त्याचे पैसे द्या, फुकट मागू नका. तासाला जाताना हे गणित घेऊन जा: नारळाचा भाव 40 रुपयांवरून 50 झाला आणि खप 100 नगांवरून 80 वर आला, तर मागणीची लवचिकता किती? टक्केवारी पद्धतीने किंमत 25 टक्के वाढली, मागणी 20 टक्के घटली, उत्तर 0.8, म्हणजे कमी लवचिक. एकूण खर्च पद्धतीने पाहिलं तर आधी 40 गुणिले 100, म्हणजे 4000, नंतर 50 गुणिले 80, म्हणजे पुन्हा 4000. खर्च बदललाच नाही, म्हणजे लवचिकता एक. एकाच नारळाची दोन उत्तरं! ‘पुस्तकात काय दिलंय ते लिही’ म्हणणारे शिक्षक नम्रपणे सोडून द्या. बदल मोठा असला की टक्केवारी कोणत्या पायावर काढता त्यावर उत्तर हलतं. दोन किमतींची सरासरी 45 आणि दोन नगसंख्यांची सरासरी 90 धरली तर दोन्हीकडे बदल 22.2 टक्के येतो आणि उत्तर एकच मिळतं, असं जे फळ्यावर करून दाखवतात त्यांना विषय येतो. आणि त्यापुढे जे सांगतात की परीक्षेत ज्या पद्धतीचं नाव दिलं असेल त्याच पद्धतीने सोडव, त्यांना परीक्षाही येते.

दुसरा प्रश्न मुलालाच विचारू द्या. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते आणि बाजारात पापलेटचा भाव चढतो. पुरवठ्याचा नियम सांगतो की भाव चढला की पुरवठा वाढतो. मग इथे उलटं कसं? उत्तरात शिक्षकाने ‘पुरवठ्यातील संकोच’ (भाव उतरल्यामुळे घटलेला पुरवठा) आणि ‘पुरवठ्यातील ऱ्हास’ (भाव सोडून दुसऱ्या कारणाने घटलेला) यांतला फरक काढलाच पाहिजे. इथे भावामुळे पुरवठा बदललेला नाही. बंदीने पुरवठा घटला, वक्रच डावीकडे सरकला, आणि त्यामुळे भाव चढला. नियम ‘इतर परिस्थिती कायम असताना’ लागू होतो आणि इथे परिस्थितीच बदलली आहे. फरक स्पष्ट करा आणि सहमत-असहमत या दोन्ही प्रश्नांत मुलं याच जागी गुण घालवतात. (हापूसचं उदाहरण सगळेच देतात, ते ऐकून भारावू नका.)

नमुना तासात शिक्षक किती बोलले यापेक्षा मुलाच्या हातात पेन्सिल किती वेळ होती ते मोजा. मागणी वक्र छापील चित्रातून दाखवून भागत नाही, मुलाने तो कोऱ्या कागदावर काढायला हवा: आडव्या अक्षावर नग, उभ्यावर किंमत, दोन्ही अक्षांना नावं, वक्राला नाव. निर्देशांकात, म्हणजे मूळ वर्षाच्या मानाने भाव किती बदलले ते सांगणाऱ्या आकड्यात, बघायची गोष्ट एकच. लास्पेअरच्या सूत्रात मूळ वर्षाचे नग अंश आणि छेद दोन्हीकडे येतात आणि पाशेच्या सूत्रात चालू वर्षाचे. ‘क्यू शून्य’ (मूळ वर्षाचे नग) आणि ‘क्यू एक’ (चालू वर्षाचे) यांची अदलाबदल झाली की पुढची सगळी बेरीज बरोबर असूनही उत्तर चुकतं. चांगले शिक्षक आधी तक्त्याचे रकाने आखायला लावतात, मग सूत्र.

तासांचा हिशेब आपणच मांडावा. जूनच्या मध्यापासून डिसेंबरअखेर साधारण 28 आठवडे होतात. त्यांतून गणपतीचा दीड, सहामाहीचा दीड, दिवाळीचे दोन आणि अतिवृष्टीत बुडणारे दोन आठवडे वजा करा. लावणीच्या दिवसांत घरच्या शेतावर हात लागत असेल तर तेही आधी सांगून टाका. उरतात 21. आठवड्याला दीड तासाच्या दोन बैठका धरल्या तर 63 तास. मागणी आणि लवचिकतेला 12 तास द्या. उपयोगिता, पुरवठा, बाजार, निर्देशांक आणि राष्ट्रीय उत्पन्न यांना प्रत्येकी 6. सार्वजनिक वित्त आणि नाणेबाजार-भांडवल बाजार यांना प्रत्येकी 5. पहिलं प्रकरण आणि परकीय व्यापार यांना प्रत्येकी 3. झाले 58. म्हणजे सराव पेपरना 5 तासच उरले, आणि एक पेपरच तीन तासांचा असतो. म्हणून पेपर घरी घड्याळ लावून लिहायचा आणि बैठकीत फक्त तपासून घ्यायचा, हे पहिल्या दिवशीच ठरवा. ‘महिन्यात पोर्शन संपवतो’ म्हणणाऱ्यांना हा हिशेब दाखवून पाहावा.

जाण्यायेण्याचा विचार अभ्यासाइतकाच करावा लागतो. आधी शेवटच्या गाडीची वेळ बघा, मग क्लासची वेळ ठरवा. वस्तीची गाडी सातला सुटत असेल तर बैठक साडेसहाला संपली पाहिजे, पावसाळ्यात सव्वासहाला. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, पण तो घर ते शाळा-कॉलेज या मार्गाचा असतो. क्लास त्या मार्गाबाहेर असेल तर तिकीट काढावं लागेल, महिलांना ते अर्ध्या दरात मिळतं. शिक्षक घरी येणार असतील तर बैठक पडवीत किंवा ओटीवर, घरात मोठं माणूस असताना व्हावी. मुलगी असो वा मुलगा, हे पहिल्याच भेटीत सांगून टाकलं की कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही.

ऑनलाइन शिकवणी घेणार असाल तर ज्या वेळी तास होणार त्याच वेळी, त्याच खोलीत, मोबाइल ठेवायच्या त्याच जागी एक पूर्ण तासाचा कॉल करून बघा. दुपारी खळ्यात चांगला चालणारा नेट रात्री आठला घराच्या मागच्या खोलीत चालेलच असं नाही. राउटरसाठी छोटा बॅकअप घ्या, जून-जुलैत वीज कितीदा जाते ते कुणाला सांगायला नको. आणि शिक्षकांकडे वहीवर वरून रोखलेला कॅमेरा हवा. आकृती तोंडी शिकवता येत नाही.

पैशाचं बोलणं एका कागदावर उतरवा: विषय, मंडळ, माध्यम, वार, वेळ, दर तासाचा की महिन्याचा, बुडालेला तास कुणामुळे बुडाला तर कधी भरून द्यायचा, आणि थांबायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं. वर्षाची रक्कम आगाऊ देऊ नका, महिना संपला की द्या आणि यूपीआयवर पाठवताना महिना लिहा. कोचिंग सेंटरांबाबत केंद्राने जानेवारी 2024 मध्ये राज्यांना मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांत विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत करावी असं म्हटलं आहे. पण ती मोठ्या क्लासेससाठी आहेत, गावातल्या चार मुलांच्या शिकवणीला आपला कागदच उपयोगी पडतो. क्लासच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लावला असेल तर त्यावर 15 आकडी-अक्षरी जीएसटी नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. वर्षाला 20 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या शिक्षकाला सहसा या नोंदणीची गरज नसते, आणि नोंदणी नसताना तो कर घेता येत नाही. अंतर्गत 20 गुण ‘मिळवून देतो’ असं कुणी म्हणालं तर उठून या. ते गुण कॉलेज देतं.

गणिताला आणि बुककीपिंगला तीच यादी चालते, फक्त नमुना तासाला चुकलेलं उदाहरण न्या, नवं नको. चूक कुठल्या पायरीवर झाली हे शिक्षक किती लवकर पकडतात ते बघायचं. इंग्रजीला एक निबंध तपासायला द्या.

सहा आठवड्यांनी तोच सहा खान्यांचा कागद पुन्हा भरा. चौथ्या प्रश्नाचे गुण जागचे हलले नसतील तर शिक्षकांशी मुलाच्या देखत बोला, आणि बदलायचंच असेल तर दिवाळीच्या आत बदला. त्यानंतर नव्या माणसाची पद्धत समजून घेण्यातच पूर्वपरीक्षा येते. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते आणि मार्चमध्ये शिमग्याच्या ढोलांत जाऊन मिसळते. पालखी वाडीत कधी येणार ते गुरवांकडे आधीच विचारून ठेवा आणि त्या आठवड्याची उजळणी आदल्या रविवारी उरकून घ्या.